स्वल्पविरामावर किती भार टाकावा?

‘पूरग्रस्त नदीकाठच्या गावांना मदत मिळेल,’ असे एखाद्या आदेशात छापले, तर मदत कोणाला? नदीकाठच्या सगळ्याच गावांना, की त्यांतल्या पूर आलेल्या गावांनाच? ‘पूरग्रस्त’ हा शब्द नुसते वर्णन करतो की अट घालतो, यावर कुणाचे तरी घर उभे राहणार असते.

स्वल्पविराम काटेकोर हवा असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या 1949 च्या घरभाडे नियंत्रण आदेशात भाडेकरूला काढण्याचे एक कारण असे होते : त्याने दुसरी जागा मिळवली, किंवा तो सलग चार महिने परिसर सोडून गेला आणि त्याला घराची वाजवी गरज नाही. ‘गरज नाही’ ही अट पहिल्या कारणालाही लागते का? मूळ इंग्रजी मजकुरात पहिल्या कारणानंतर स्वल्पविराम होता. त्याच्या आधारे 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘लागत नाही’ असे ठरवले. मात्र याच न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 1952 मध्ये अश्विनीकुमार घोष खटल्यात विरामचिन्हे हा अर्थनिर्णयातला गौण घटक असल्याचे म्हटले होते. मजकूर काळजीपूर्वक विरामांकित असेल आणि अर्थ संदिग्ध असेल, तर त्यांना वजन द्यावे, अशी पुस्तीही जोडली होती. मला ही भूमिका समंजस वाटते.

मराठीत तर ती अधिकच पटते. आपल्याकडे विरामचिन्हांची घडी एकोणिसाव्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर कँडींच्या प्रयत्नांतून बसली. त्याआधी मोडीतले व्यवहार विरामचिन्हांविना चालत. इंग्रजीचा नियम सरळ आहे : आवश्यक माहितीला स्वल्पविराम नाही, जादा माहितीला दोन्ही बाजूंनी. तो जसाच्या तसा इथे लावला की फसगत होते. ‘नदीकाठची जी गावे पूरग्रस्त आहेत, त्यांनाच मदत मिळेल’ यातली माहिती अत्यावश्यक आहे, तरी स्वल्पविराम येतो, कारण तिथे उपवाक्य संपते. अट सांगण्याचे काम ‘जी’, ‘त्यांना’ आणि तो छोटा ‘च’ करतात. उलट ‘गावांना, जी पूरग्रस्त आहेत, मदत मिळेल’ हे व्याकरणाने खपले तरी कानाला परके लागते. जादा माहिती द्यायची तर ‘नदीकाठची सर्व गावे पूरग्रस्त आहेत; त्यांना मदत मिळेल’ असे दोन वाक्यांत सांगावे. आणि सुरुवातीच्या वाक्यात ‘पूरग्रस्त’नंतर स्वल्पविराम टाकला, तरी संदिग्धता तशीच राहते.

म्हणून विरामचिन्हे सैल सोडावीत असे नाही. ‘आमचे अध्यक्ष, गेली दहा वर्षे हे काम पाहणारे, आज निवृत्त झाले’ यात दुसरा स्वल्पविराम गाळला तर वाचक अडखळतो. उघडलेली जोडी मिटवलीच पाहिजे. पण मृत्युपत्र, करार, शासन निर्णय लिहिताना हक्काचा निर्णय त्या चिन्हावर सोपवू नये. छपाईत ते गळते, टंकलेखनात सरकते, वाचून दाखवताना ऐकूच येत नाही. ‘च’, ‘फक्त’, ‘सर्व’ हे शब्द मात्र ऐकू येतात. मसुदा तपासणाऱ्याने प्रत्येक विशेषणाला एकच प्रश्न विचारावा : हे काढले तर लाभार्थ्यांची यादी बदलते का? बदलत असेल, तर ती अट स्वतंत्र वाक्यात, स्पष्ट शब्दांत लिहावी.