गिऱ्हाइकाला नाही म्हणताना

आज १४ एप्रिल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीला लालबर्र्यासारख्या बाजारपेठेच्या गावाने चाळीसगावचा टांगा आठवावा.

ऑक्टोबर १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. चाळीसगाव स्टेशनवर त्यांना तासभर ताटकळावे लागले, कारण एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार नव्हता. आपल्या पाहुण्याने पायी यावे, हे महारवाड्यातल्या माणसांना पटेना. शेवटी तडजोड झाली: टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा येणार नाही. मग त्यांच्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक दगडावर आदळले आणि बाबासाहेब फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. टांगा का उशिरा आला, याचे खरे कारण त्यांना नंतर कळले.

नकाराची किंमत नाकारलेला माणूस मोजतो, आणि बहुतेकदा मुकाट्याने मोजतो. आजही कुठल्या खेड्यात जातीमुळे ज्याचे केस कापले जात नाहीत, तो निमूटपणे बस पकडून तालुक्याला जातो. तक्रार होत नाही, आणि सगळे सुरळीत आहे असे गाव समजते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदानुसार दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेलांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येत नाही. अस्पृश्यतेपोटी माल विकायला किंवा सेवा द्यायला नकार देणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे.

मग दुकानदाराला नाही म्हणण्याचा हक्कच नाही का? आहे, आणि तो असायला हवा. दारू पिऊन धिंगाणा घालणारा, नोकराला शिवीगाळ करणारा, उधारी बुडवणारा, यांना दार दाखवण्यात काहीच गैर नाही. पण शुद्धीवर आलेला माणूस उद्या परत येऊ शकतो, उधारी फेडता येते, माफी मागता येते. जात फेडता येत नाही. ज्या कारणातून गिऱ्हाइकाला स्वतःच्या वागण्याने सुटता येत नाही, ते कारण धंद्याचे नव्हेच.

व्यवसाय जितका निकडीचा, तितकी ही मोकळीक कमी. आपण कुणावर उपचार करावेत हे डॉक्टर ठरवू शकतो. पण जीव धोक्यात असेल तेव्हा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात बजावले. अमुक आरोपीचे वकीलपत्र कुणी घेऊ नये, असे वकील संघटनांचे ठरावही याच न्यायालयाने २०१० मध्ये बेकायदा ठरवले. आरोपी कितीही नकोसा असला तरी बचावाविना शिक्षा झाली, तर न्यायच उघडा पडतो.

जातीवरून नकार देणाऱ्यावर खटला भरायला साक्षीदार लागतो, आणि ज्याला रोज त्याच गावात राहायचे आहे तो सहसा एकटा पुढे येत नाही. म्हणून नाकारल्या गेलेल्यालाच लढायला सांगणे पुरेसे नाही. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकाने उठून म्हणावे, ‘आधी यांचे केस कापा, मग माझे.’ चाळीसगावच्या स्टेशनवर असे म्हणणारा एकही उतारू निघाला नाही. लालबर्र्यात तो निघाला पाहिजे, आणि आजच्या अभिवादनाला अर्थ त्यामुळेच येईल.