चौघं, एक डिकी आणि गडचिरोलीचा रस्ता

पहिलं मोठं प्रमोशन झालं, पॅकेज वाढलं, फ्लॅटचा विचार ‘नेक्स्ट इयर’वर ढकलला... आणि लंच अवरमध्ये स्क्रीनवर काय उघडलंय? सेकंड हँड मर्सिडीज! नवी घेणं या जन्मात तरी जमेलसं दिसत नाही. पण सात-आठ वर्षं वापरलेली गाडी नव्या मिड-साइज एसयूव्हीच्या भावात मिळतेय म्हटल्यावर बोटं आपोआप ‘कॉन्टॅक्ट सेलर’कडे वळतात. चार दरवाजे, चार ऐसपैस सीट्स, मागे झोकात उतरत गेलेलं छप्पर. मोह न होईल तर नवल!

मोह होऊ द्या, काही हरकत नाही. फक्त फोन लावायच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : ही गाडी घेऊन जायचं कुठे? नोकरी मुंबई-पुणे-नागपुरात, पण आई-बाबा गडचिरोली, आरमोरी, अहेरी नाहीतर मूल-चंद्रपूरला, अशा तमाम दोस्तांसाठी आजचा हा कॉलम.

जीटी म्हणजे नेमकं काय?

गाडीच्या मागच्या बाजूला ‘जीटी’ ही अक्षरं बघून बऱ्याच जणांना रेसिंग आठवतं. खरं तर ‘ग्रान तुरिस्मो’ या इटालियन शब्दांचा साधा अर्थ ‘मोठा प्रवास’. वेग हवाच, पण चौघांना सामानासकट, पाठ-कंबर न धरता लांब पोचवणं हे या गाडीचं खरं काम. म्हणजे तिची परीक्षा मरीन ड्राइव्हवर होत नाही. ती होते दिवाळीच्या आदल्या दिवशी, मुंबईहून गडचिरोलीला जाताना.

त्यातला पहिला पेपर एकदम सोपा. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला आणि अख्खा रस्ता खुला झाला. 120 ची वेगमर्यादा, गुळगुळीत काँक्रीट. इथे कुठलीही जर्मन गाडी हीरोच वाटते. खरी परीक्षा नागपूरनंतर. उमरेड, भिवापूर, नागभीड, आरमोरी करत गडचिरोली सुमारे 170 किलोमीटर. तिथून चामोर्शी, आष्टीमार्गे आलापल्ली आणखी शंभरेक. या पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात आणि रस्त्याची तब्येत मोसमागणिक बदलते. त्याच्याही पुढे भामरागड. पर्लकोटेला पूर आला आणि गावाचा संपर्क तुटला, ही बातमी तर आपण लहानपणापासून वाचत आलोय.

तेव्हा गाडी पहिल्या 700 किलोमीटरसाठी निवडू नका. शेवटच्या 100 साठी निवडा. बाकी सगळं यातूनच ठरतं.

आधी मागे बसून बघा

टेस्ट ड्राइव्हला गेलो की आपण स्टिअरिंगवर झेपावतो. थोडं थांबा. आधी मागच्या सीटवर बसा, आणि जमलं तर आईला सोबत न्या. कूपेसारख्या उतरत्या छपराची गाडी फोटोत कातिल दिसते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात खाली वाकून शिरावं लागतं आणि उतरताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. एवढ्या लांबच्या प्रवासात हे किमान पाच-सहा वेळा!

मर्सिडीजची सीएलएस या स्टाइलची राणी. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांमध्ये मोजून चारच सीट्स होत्या. ऑडीची ए7 स्पोर्टबॅक भारतात 2011 मध्ये आली, तीही चौघांचीच. दोन्ही देखण्या, दोन्ही जमिनीला चिकटून चालणाऱ्या. याउलट बीएमडब्ल्यूची 3 सिरीज जीटी. आपल्याकडे ती 2014 मध्ये आली. कागदावर पाच सीट्स, आरामात बसतात चौघं. व्हीलबेस 2920 मिलिमीटर म्हणजे मागे पाय पसरायला जागा, सीट साध्या 3 सिरीजपेक्षा उंच, आणि डिकी 520 लिटरची. दिवाळीचा फराळ, चार बॅगा आणि येताना घरच्या तांदळाचं पोतं... सगळं मावतं. दिसायला ती जरा थोराड, त्यामुळे नवी असताना फार कुणी भाळलं नाही. सेकंड हँड घेणाऱ्याला हे फायद्याचंच. बजेट मोठं असेल तर 2018 ची 6 सिरीज जीटी बघा. व्हीलबेस 3070 मिलिमीटर, शिवाय हवेवरचं सस्पेन्शन. आराम राजेशाही, पण ते सस्पेन्शन बिघडलं की बिलही राजेशाही!

इथली की परदेशातून आलेली?

एकाच शोरूममध्ये शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांचं नशीब वेगळं असू शकतं. काही मॉडेल्स सुटे भाग आणून भारतात जोडली गेली, काही आख्खी जहाजातून आली. मर्सिडीजचा कारखाना चाकणला, ऑडी आणि स्कोडाचा छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यूचा चेन्नईला. 3 जीटी आणि 6 जीटी चेन्नईत जोडलेल्या. सीएलएस, ए7, पोर्शे पानामेरा या बाहेरून आलेल्या.

फरक कुठे पडतो? हेडलाइट फुटला, बंपर गेला की. इथे जोडलेल्या आणि बऱ्यापैकी खपलेल्या गाडीचा पार्ट मिळण्याची शक्यता जास्त. तुरळक विकल्या गेलेल्या गाडीचा पार्ट बाहेरून मागवायचा तर गाडी तेवढे दिवस वर्कशॉपमध्ये आणि तुम्ही एसटीच्या रांगेत. आणि बिल? ते गाडीच्या आजच्या किमतीवर ठरत नाही. ती नवी असतानाच्या किमतीवर ठरतं. साठ लाखांची गाडी वीस लाखांत मिळाली तरी तिचा हेडलाइट साठ लाखांच्याच गाडीचा असतो, राजा!

कमी किलोमीटरची भुरळ

‘ओन्ली 28,000 केएम, सिंगल ओनर, डॉक्टर ड्रिव्हन.’ जाहिरातीत हे वाचलं की आपण विरघळतो. डिझेल गाडी असेल तर जरा जपून. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. त्यात साठलेली काजळी जाळायला इंजिन बराच वेळ गरम राहून एका वेगात चालावं लागतं. आठ वर्षं अंधेरी ते बीकेसी एवढंच धावलेल्या गाडीला ती संधीच मिळत नाही आणि फिल्टर तुंबतो. त्यापेक्षा हायवेवर 80 हजार धावलेली आणि वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडी निरोगी असू शकते. गडचिरोलीकरांना यात एक प्लस पॉइंट आहे. तुमची नागपूरची प्रत्येक फेरी म्हणजे या फिल्टरसाठी मोकळ्या हवेतला मॉर्निंग वॉक!

पेट्रोल आवडत असेल तर टाकीच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये इंधनाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. 2025 पर्यंत देशभर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पोचलं. जुन्या गाडीला ते चालतं का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

टायर वाचायला शिका

टायरवर 225/55 आर17 असं लिहिलेलं असतं. 225 ही रुंदी, आणि तिच्या 55 टक्के म्हणजे टायरच्या कडेची उंची. ती येते साधारण 124 मिलिमीटर. आता 275/30 आर20 घ्या. उंची फक्त 82! खड्ड्यात गेल्यावर रिम आणि दगड यांच्यामध्ये एवढंच रबर. 20 इंची अलॉय व्हील्स फिनिक्स मॉलच्या पार्किंगला शोभतात. आष्टीच्या रस्त्याला 17 इंचीच बरी.

दुसरं म्हणजे स्टेपनी. अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये रन-फ्लॅट टायर येतात. पंक्चर झाल्यावरही ते ठराविक अंतर, कमी वेगात चालतात. पण कड फाटली तर त्यांचाही नाइलाज. तेव्हा डिकी उघडून स्टेपनी आहे का, ती ठेवायला जागा आहे का, हे आधी बघा. आलापल्लीच्या पुढे रात्री दहा वाजता हा प्रश्न पडून उपयोग नाही. या जंगलात 2021 पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही आहेत. हेडलाइट फुल पॉवरचे हवेत आणि शक्यतो अंधाराआधी मुक्कामी पोचलेलं उत्तम.

चंद्रपूरचा मे महिना वेगळा सांगायला नको. म्हणून गाडी भर दुपारी बघा. एसी मागच्या सीटपर्यंत गार करतो का, बॅटरी आणि रबराच्या सीलची अवस्था काय, हे उन्हातच कळतं.

कुठून आणावी?

मुंबईची गाडी असेल तर आधी पाण्याचा संशय घ्या. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हापासून पावसात बुडालेली गाडी पॉलिश होऊन बाजारात येणं मुंबईकरांना नवं नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटचं टोक बघा, कार्पेटखाली हात घाला, डिकीच्या तळाचा वास घ्या. पाणी कुठे ना कुठे सही करून गेलेलं असतं.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात त्यालाही कारण आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दल हरित लवादाने 2015 मध्ये बंदीचा आदेश दिला, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि 2025 मध्ये त्यावर नवे आदेश आले. या अनिश्चिततेत लोक गाड्या बाहेर काढतात. पण परराज्यातली गाडी आणायची तर फॉर्म 28 ची एनओसी हवी, आपल्याकडचा कर भरा, नवा नंबर घ्या. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर हे टाळता येत नाही. हा सगळा खर्च मिळवला की ‘स्वस्त’ किती उरतं, ते कॅल्क्युलेटरवर बघाच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात घेतली तर नंबर तोच राहतो. एमएच-33 ची पाटी मिळणार नाही, एवढंच काय ते दुःख!

सौद्याआधी हे कराच

- सर्व्हिस रेकॉर्ड कंपनीच्या वर्कशॉपमधून तपासून घ्या. विकणाऱ्याच्या व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंवर जाऊ नका.
- लिफ्टवर चढवून गाडीचं पोट बघा. घासल्याच्या खुणा खोटं बोलत नाहीत.
- फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म 35. ई-चलान बाकी आहेत का तेही बघा.
- इन्शुरन्स नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.
- गाडीच्या किमतीच्या निदान वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. ती उरत नसेल तर एक पायरी खाली उतरा. चांगली ठेवलेली स्कोडा सुपर्ब मागच्या सीटवरच्या आईला मर्सिडीजइतकीच आवडेल.

गावाकडे चांगली गाडी दारात उभी असली की ती फक्त तुमची राहत नाही. लग्नाची वरात तिच्यातून निघते, पाहुणे तिच्यातून आणले जातात आणि अपरात्री शेजारच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं की नागपूरच्या रस्त्याला तीच लागते. त्या रात्री बॉनेटवरचा लोगो कुणी बघत नाही. चावी फिरवल्यावर ती सुरू झाली पाहिजे आणि 170 किलोमीटर न कुरकुरता गेली पाहिजे. या एका कसोटीला उतरेल ती गाडी घ्या, मग ती थोराड दिसली तरी चालेल.

हॅपी ड्रायव्हिंग!