पियानो घ्या, पण कानांचाही विचार करा

मुलाने पियानो शिकायचे ठरवले की घरात प्रश्न उभा राहतो : तारांचा घ्यायचा की डिजिटल? खरा पियानो तारांचाच, असे जाणकार सांगतात. नादाच्या श्रीमंतीपुरते ते बरोबरही आहे. पण आपली हवा, आपले फ्लॅट आणि मुलांचे कान लक्षात घेतले, तर बहुतेक घरांसाठी डिजिटल हाच शहाणा पर्याय ठरतो.

तारांच्या पियानोत 88 पट्ट्यांमागे सुमारे 230 तारा असतात. पट्टी दाबली की दाबलेल्या लोकरीने मढवलेली हातोडी तारेवर आपटते आणि ते कंपन एका मोठ्या लाकडी फळीत उतरते. हे लाकूड दमट हवेत फुगते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की तो उतरतो. या वाद्याला 40 ते 50 टक्क्यांच्या आसपासची स्थिर आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती 80 टक्क्यांपुढे जाते, तर विदर्भात रखरखीत उन्हाळ्यापाठोपाठ पाऊस येतो. म्हणजे वर्षातून निदान दोनदा सूर लावून घेणे आले. ते जमले नाही, तर मुलाचा कान बेसूर वाद्यावरच घडतो.

डिजिटल पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली हे सेन्सर मोजतो आणि त्यानुसार ध्वनिमुद्रित स्वर उमटतो. त्यावर पावसाळ्यात सूर ढळत नाही. मात्र 88 वजनदार पट्ट्यांचाच घ्यावा. हलक्या पट्ट्यांवर शिकलेल्या बोटांना पुढे खऱ्या पियानोवर आघाताचा अंदाज येत नाही.

डिजिटलचा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे हेडफोन. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो लावला जातो आणि आवाज हळूहळू वाढत जातो. बाहेर कोणालाच काही ऐकू येत नसल्याने टोकणारेही कोणी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुलांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला 40 तास, 75 डेसिबल इतकी आहे. दर 3 डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे 84 डेसिबलला उरतात जेमतेम 5 तास. रोजचा पाऊण तासाचा सराव तेवढाच भरतो. आणि कानातल्या ज्या केसपेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून दिवसा स्पीकरवरच वाजवू द्या आणि हेडफोन रात्रीपुरता ठेवा. आवाजाची पातळी मुलाने नव्हे, तुम्ही स्वतः ऐकून ठरवा. चार-पाच वर्षांनीही मूल आपणहून पियानोपाशी बसत असेल, घरात जागा असेल आणि सूर लावणारा कारागीर गावात असेल, तर तारांचा पियानो जरूर आणा. तो पैसा तेव्हा सार्थकी लागेल.