आईला टीव्ही लावता येत नाही

मंडळी, कुवेतमध्ये दोन मराठी घरांची गाठ पडली की आधी उन्हाळा, मग मुलांच्या शाळेची फी आणि तिसऱ्या मिनिटाला टीव्हीचे इंच निघतात. "आम्ही पासष्ट घेतला." "अहो, पंचाहत्तरच घ्यायचा, ऑफर होती!" गेल्या हिवाळ्यात सालमियातल्या एका घरी हे ऐकत बसलो होतो आणि मी जरा तिरकस बोललो. यजमानांची माफी मागून तेच इथे नीट लिहितो.

1995 साली मी इथे आलो. पहिल्याच सुट्टीला चिपळूणला 21 इंची रंगीत टीव्ही नेला. खोक्याला सुतळी, चारी बाजूंना मार्करने नाव आणि गाव, आणि सहार विमानतळावर कस्टमपुढे उभे राहून धडधडणारी छाती! तेव्हा टीव्ही घेताना प्रश्न तीनच असत. केवढा? जपानी आहे ना? आपल्याकडे चालेल ना? तिसऱ्याचे उत्तर सोपे होते, कारण कुवेत आणि भारत, दोन्हीकडे 'पॅल' पद्धत. अमेरिकेहून 'एनटीएससी' सेट आणणाऱ्याची फजिती व्हायची. आपल्याला फक्त इथला चौकोनी पिनांचा प्लग कापून गोल पिनांचा लावायचा. आईने बटण दाबले, चित्र आले, संपले काम.

पुढे पातळ टीव्ही आले आणि खोकी हलकी झाली. 2013 साली रुपया घसरला तेव्हा 26 ऑगस्टपासून सरकारने बॅगेजमधल्या फ्लॅट टीव्हीची सवलत काढली आणि 36 टक्क्यांच्या वर ड्युटी बसवली. मग टीव्ही खांद्यावरून नेण्यात अर्थ उरला नाही. इथे बसून तिथल्या दुकानात ऑर्डर द्यायची, पावती व्हॉट्सअॅपवर, कर्तव्य पूर्ण!

22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूण बुडाले. आमच्या घरात पाणी शिरले आणि तो जुना सेट गेला. मी इथून 43 इंची स्मार्ट टीव्ही धाडला. मनातून खूश होतो. महिन्याने आईला विचारले, "मालिका बघतेस ना?" ती म्हणाली, "कोणी आलं की लावून देतं."

म्हणजे तीन आठवडे तो टीव्ही भिंतीवर शोभेला! बटण दाबले की आधी चौकोनच चौकोन, जाहिराती, मग 'अपडेट करा', मग खाते, पासवर्ड. चॅनेल कुठल्या कोपऱ्यात लपलेत ते तिला कळेना. "आई शिकत नाही" असे कोणी म्हणू नका. हीच बाई रोज रात्री मला व्हिडिओ कॉल लावते आणि वीजबिल मोबाईलवर भरते. दोष तिचा नाही. तो टीव्ही तिच्यासाठी बनवलेलाच नाही.

मग कोणासाठी? अमेरिकेतल्या व्हिझिओ कंपनीचे उदाहरण घ्या. सुमारे 1 कोटी 10 लाख सेटवर लोक काय बघतात याची नोंद त्यांना नीट न सांगता घेतली, म्हणून 2017 साली कंपनीने 22 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. 2021 च्या एका तिमाहीत तर याच कंपनीला टीव्ही विकण्यापेक्षा जाहिराती आणि माहितीच्या धंद्यातून दुपटीहून जास्त नफा झाला. आता कळले टीव्ही स्वस्त का झाले? उरलेली किंमत आपण रोज संध्याकाळी सोफ्यावर बसून फेडतो.

दुकानदार म्हणेल, "साहेब, शंभर मॉडेल आहेत, चॉइसच चॉइस." बरं, मग त्याच दुकानात 43 इंचांचा साधा टीव्ही मागून बघा. बटण दाबले की चॅनेल दिसणारा. तो तुमच्याकडे असा बघेल की जणू तुम्ही रॉकेलचा स्टो मागितलात! 32 इंचांपर्यंत कुठे कुठे साधा सेट मिळतो, त्याच्या वर शोधत बसा. ही कसली निवड?

पण राग कंपन्यांपेक्षा आपल्यावर जास्त आहे, माझ्यासकट. आपण इंच विचारले, पिक्सेल विचारले, गावच्या दुकानदाराला हप्तासुद्धा विचारला. "माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई हा एकटी लावेल का?" एवढे मात्र विचारले नाही. सप्टेंबर 2025 मध्ये 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा आपल्यातल्या कितीजणांनी आईवडिलांना आणखी मोठा पाठवला? हात वर करू नका, मला माहीत आहे.

यंदा सुट्टीवर जाल तेव्हा खजूर आणि केशराच्या आधी एक काम करा. सेटिंगमध्ये जाऊन टीव्ही सुरू होताच थेट सेटटॉप बॉक्स दिसेल असे करून ठेवा. बऱ्याच सेटमध्ये ही सोय असते, पण मेनूत खोल पुरलेली असते. आणि 'काय बघता याची माहिती पाठवू का' या प्रश्नाला 'नाही' म्हणा. मला त्याला एक अख्खी दुपार लागली. आता चिपळूणला बटण दाबले की सरळ सह्याद्री लागते. रिमोटवरची बाकीची रंगीत बटणे मी चिकटपट्टीने झाकून आलो आहे.