पूजा गायीची, उपेक्षा तिच्या डॉक्टरची

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करणारा, वसुबारसेला गाय-वासराला ओवाळणारा आपला समाज त्याच जनावरांचा जीव राखणाऱ्या माणसाशी निर्दयपणे वागतो. हा आरोप मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे.

गाय अडली की मध्यरात्री फोन जातो. गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवर येतो. गोठ्यात धड दिवा नसतो. मोबाइलच्या उजेडात, शेणात गुडघे टेकून तो खांद्यापर्यंत हात आत घालतो. वासराची मान मागे वळलेली असते. कळ आली की गायीचं सगळं बळ त्या हातावर येतं, बोटं बधिर होतात. कळ ओसरली की पुन्हा मान चाचपायची, सरळ करायची, पायांना दोर बांधायचा. वासरू जगलं तर देवाची कृपा, गाय दगावली तर डॉक्टरने मारली! हा आपल्या गावांचा न्याय.

त्या हाताला पुढे काय भोगावं लागतं? गाभडलेल्या गायीची जार काढताना ब्रुसेलोसिस जडू शकतो. मग महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, आखडलेले सांधे. या रोगाच्या लशीत जिवंत जंतू असतात. वासराने झटका दिला आणि सुई स्वतःच्याच बोटात शिरली, तरी धोका तोच. घशात काही अडकलंय म्हणून पिसाळलेल्या जनावराच्या तोंडात त्याला हात घालायला लावणारेही आपणच.

2022 साली गुरांमध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस घेऊन हीच माणसं गोठ्यागोठ्यांत फिरली. त्यांनी पंचनामे केले म्हणून मेलेल्या गायीमागे 30 हजार, बैलामागे 25 हजारांची मदत शेतकऱ्याला मिळू शकली. करोनात थाळ्या वाजवणाऱ्या गावांनी यांना चहा तरी विचारला का?

या तुच्छतेचं मूळ जुनं आहे. जनावर एकाने पूजायचं आणि मेलं की दुसऱ्याने ओढायचं, ही वाटणी आपल्या जातिव्यवस्थेने केली. रक्तात, शेणात हात घालणारा हलका, हे विष अजून उतरलेलं नाही. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 सालचं. आज साडेपाच वर्षं शिकून पदवी मिळते, तरी लग्न ठरवताना विचारतात, ‘‘जनावरांचाच डॉक्टर ना?’’

सरकारही आपल्यातूनच आलेलं. पाच हजार जनावरांमागे एक डॉक्टर, ही राष्ट्रीय कृषी आयोगाची शिफारस 1976 सालची. तरी जागा रिकाम्या ठेवायच्या, एकावर दोन दवाखान्यांचा भार टाकायचा, वर लसीकरणाचं उद्दिष्ट, कानातले बिल्ले, ऑनलाइन नोंदी. आणि माणूस खचला की म्हणायचं, सेवाभाव उरला नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांच्या आत्महत्यांचं प्रमाण सर्वसामान्यांच्या जवळपास चौपट असल्याचं अभ्यासात दिसलं. आपल्याकडे हा विषय काढला, की ‘ढोरांना औषध देण्यात कसला आलाय ताण?’ असं ऐकावं लागतं.

सरपंचांनो, येत्या ग्रामसभेत विचारा: दवाखान्यात पाणी आहे का? जनावर अडकवायला खोडा आहे का? बाई डॉक्टर असतील तर त्यांच्यासाठी स्वच्छतागृह आहे का? नसेल तर त्याच सभेत ठराव करा. आणि रात्री डॉक्टरला बोलावणाऱ्यांनो, ते पोचण्याआधी गोठ्यात दिवा, कोमट पाणी, साबण आणि जनावर धरायला दोन धडधाकट माणसं तयार ठेवा.