कागद कोरा ठेवण्याची मुभा
बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांनी बालगृहात कला-हस्तकला शिक्षकाचे पद ठेवले, पण अर्धवेळ. मूल मात्र अष्टौप्रहर गृहमातेच्या सहवासात असते. तेव्हा कलेतून आघात हाताळण्याचे प्रशिक्षण प्रथम तिला मिळावयास हवे. ते चित्रकलेचे नव्हे. ‘हे काय काढलेस?’ असा लकडा न लावण्याचे, कागद कोरा ठेवू देण्याचे आणि मूल गोठून गेले तर तिथेच थांबून समुपदेशकाला बोलावण्याचे. ‘कोलकाता संवेद’ने २००४ पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत नृत्याच्या माध्यमातून काम केले, त्यांतल्याच काही पुढे प्रशिक्षक झाल्या. असे काम दोन दिवसांच्या कार्यशाळेत आणि प्रमाणपत्रासह काढलेल्या छायाचित्रात उरकत नाही. शिवाय गृहमाताच कंत्राटी असेल आणि वर्षभरात बदलणार असेल, तर मुलाने विश्वास टाकावा कोणावर?