कागलचा यशवंत

मंगळवार पेठेलगतच्या खासबाग मैदानात कुस्त्या पाहिल्यात ना? ते मैदान बांधणारे शाहू महाराज जन्मानं कोल्हापूरच्या गादीचे वारस नव्हतेच! ते कागलच्या घाटग्यांचे. जन्म २६ जून १८७४चा, नाव यशवंतराव. तीन वर्षांचे असताना आई राधाबाई गेल्या.

१८८३ साली कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज तेव्हाच्या अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या पहाऱ्यात वारले. मूलबाळ नव्हतं. राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतला दत्तक घेतलं. चौथी-पाचवीतल्या मुलाएवढं वय, आणि नाव बदललं, घराणं बदललं, आई नवी! जन्मदाते आबासाहेब मात्र जवळ होते. रीजंट म्हणून राज्य तेच सांभाळत. १८८६ मध्ये तेही गेले.

गादी होती, पण कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चाले. राजाच्या वाट्याला अभ्यास! आधी राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेजरसाहेबांची करडी शिकवणी.

अखेर २ एप्रिल १८९४ रोजी राज्याचा अधिकार हाती आला. वीस वर्षंही पुरी नव्हती. आणि आठच वर्षांनी, १९०२ मध्ये, या तरुण राजानं हुकूम काढला: सरकारी नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांना!